प्रत्येक नासपतीत अंगठा रुतवणाऱ्या भाऊंना खुले पत्र

वलगाव, श्रावण

भाऊ,

पत्राची सुरुवात ‘सप्रेम नमस्कार’ अशी करायची रीत आहे. त्यातला नमस्कार तेवढा घ्या.

तुम्ही मला ओळखत नाही. मी तुम्हाला चांगली ओळखते. पाठीवरून ओळखते, कारण फळांच्या गाडीपाशी तुम्ही नेहमी माझ्या पुढे उभे असता; आणि अंगठ्यावरून ओळखते, कारण त्याची खूण माझ्या घरी येते. परतवाडा रोडवर, बसथांब्याजवळ, आठवडी बाजारात, जिथे म्हणून नासपतीचा ढीग लागतो तिथे तुम्ही हजर. खरेदी अर्ध्या किलोची, तपासणी अख्ख्या ढिगाची. एकेक नासपती उचलायची, तिच्या पोटाच्या मधोमध अंगठा दाबायचा, तोंड वाकडं करायचं आणि परत ठेवायची. गाडीवाला म्हणतो, “भाऊ, दाबू नोका, सारा माल दागी होते.” तुम्ही त्याच्यावरच डोळे वटारता, “मंग पाहून नाही घ्यायचं का?”

जरूर पाहून घ्या. पाहायला डोळे असतात आणि तुमच्या डोळ्यांबद्दल माझी काही तक्रार नाही.

तुम्ही जे करता त्याचा परिणाम तुम्हाला कधीच दिसत नाही. तो दिसायच्या आत तुम्ही घरी गेलेले असता. म्हणून मीच सांगते. नासपतीच्या गरातल्या पेशी पातळ भिंतींच्या आणि रसानं गच्च भरलेल्या असतात. अंगठ्याचा जोर पडला की सालीखालच्या पेशी फुटतात. साल मात्र शाबूत राहते, त्यामुळे फळ त्या घटकेला जसंच्या तसं दिसतं. आत मात्र काम सुरू झालेलं असतं. पेशीत एरवी वेगवेगळ्या कप्प्यांत असणारे दोन पदार्थ आता एकमेकांत मिसळतात: पॉलिफिनॉल आणि हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीनं त्याला तपकिरी करणारं एन्झाइम. कापलेलं सफरचंद ताटात काळं पडतं ते ह्याच कारणानं. फरक इतकाच की हे काळं पडणं सालीच्या आड चालतं आणि फळ जसं पिकत जातं तसं पसरतं. तुम्ही गाडीपासून निघून गेल्यावर कुणीतरी बाई येते, वरून चांगली दिसणारी फळं निवडते, पूर्ण भाव देऊन घरी नेते. दोन दिवसांनी ती विळी घेऊन बसते आणि तिला तुमचा अंगठा सापडतो.

ती बाई मी. माझ्या सासूबाईंना दात उरलेले नाहीत. सफरचंद किसून दिलं तर त्या “हे काय रांधलं” म्हणतात, पेरू त्यांनी कधीच सोडला. पिकलेली नासपती मात्र त्या स्वतःच्या हातानं, कुणाच्या मदतीशिवाय खातात. गर जिभेनंच मोडतो. म्हातारपणी आपल्या हातानं एक अख्खं फळ खाता येणं केवढी गोष्ट आहे, हे ज्यांच्या घरात म्हातारं माणूस आहे त्यांना सांगावं लागत नाही. मी फोडी करून वाटी त्यांच्या हातात दिली, पहिली फोड तोंडात गेली आणि त्यांनी ती काढून वाटीत ठेवली. कडवट झाली होती, गचगचीत झाली होती. अंगठ्याच्या टोकाएवढा गोल, गर्द तपकिरी डाग. तुम्ही निवाडा केलात, परत ठेवलीत, आणि शिक्षा त्यांना झाली.

डागापाशी गोष्ट थांबली असती तरी एक वेळ चाललं असतं. दुखावलेलं फळ इथिलीन हा वायू जास्त सोडतं. फळ पिकवणारा वायू तोच. म्हणजे तुम्ही दाबलेली नासपती नुसती स्वतः बिघडत नाही, शेजारच्या चारांनाही घाईनं पिकवते आणि गाडीवरचा माल दोन दिवस आधी उतरतो. शिवाय नखानं सालीवर ओरखडा उमटला असेल, तर तो बुरशीसाठी दरवाजा आहे. नासपती आणि सफरचंदावर निळसर-हिरवी भुकटी धरते, तिचं नाव पेनिसिलियम एक्सपान्सम. ती बहुतेक करून जखमेतूनच आत शिरते. तिच्यातून पॅट्युलिन नावाचं विष तयार होतं. सफरचंदाच्या रसात ते किती चालेल याला कायद्यानं मर्यादा घातली आहे, किलोला 50 मायक्रोग्रॅम. मऊ फळात हे विष बुरशी दिसते त्याच्या पलीकडेही पसरलेलं असू शकतं, म्हणून बुरशी धरलेली नासपती तेवढा भाग कापून खायची नसते, अख्खी टाकायची असते. श्रावणातल्या दमट हवेत त्या बुरशीला आणखी काय हवं? एक ओरखडा. तो तुम्ही पुरवता.

आता तुमचं ज्ञान तपासू. पोट दाबून पिकलेली नासपती कळते असं तुम्हाला वाटतं. नासपती पिकते आतून बाहेर. गाभ्यापाशी आधी मऊ होते, पोटाची बाहेरची बाजू सगळ्यांत शेवटी. तुमच्या अंगठ्याला पोट मऊ लागेल तोवर आतला गाभा पिकून उलटलेला असतो. म्हणजे टणक म्हणून तुम्ही जी परत ठेवता ती घरी नेऊन उत्तम पिकली असती, आणि मऊ म्हणून जी पिशवीत टाकता ती आतून गेलेली असते. इतकी वर्षं इतकी फळं दाबून तुम्ही नेमकं उलटं शिकलात. नासपतीच्या बागेत तर ती झाडावर पिकू देतच नाहीत. झाडावर राहिली तर गाभा नासतो आणि गर पिठूळ होतो. म्हणून जून झालेली, पण टणक आणि हिरवी असतानाच तोडतात, थंडीत ठेवतात, आणि ती पिकते ती खाली उतरल्यावर. गाडीवर टणक नासपती दिसली तर तो विक्रेत्याचा लबाडपणा नसतो. ती टणकच यायला हवी.

तुमच्या अंगठ्याला ही खोड कुठून लागली याचा मी विचार केला आहे. आपण संत्र्याच्या मुलखातली माणसं. वरूड, मोर्शी, शेंदुरजना घाट, अचलपूर, चांदूर बाजार, जिकडे बघाल तिकडे संत्री. आंबिया बहार दिवाळीच्या आगेमागे, मृग बहार शिमग्याच्या सुमाराला. आपलं नागपुरी संत्रं ढिल्या सालीचं. साल आणि फोडींच्या मधे पोकळी किती आहे, फळ भरीव आहे की पोपटलंय, हे हलक्या दाबानं कळतं, आणि साल जाड असल्यानं त्या दाबानं फारसं बिघडतही नाही. संत्रं झाडावरच पिकतं. एकदा तोडलं की त्यानंतर ते गोड होत नाही. म्हणून घेताना पारखून घेणं बरोबर. लहानपणी बापानं संत्रं दाबायला शिकवलं असेल तर बापानं योग्य तेच शिकवलं. पण आंबा, केळं, पपई, चिकू, सीताफळ आणि नासपती ह्यांची जात निराळी. ही तोडल्यावर पिकतात. ह्यांना बाजारात पारखायचं असतं आणि घरी पिकवायचं असतं. तुम्ही एकच धडा सगळ्या फळांना लावला आणि पुढे शिकणं बंद केलंत.

ही नासपती येते कुठून तेही ऐका. काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड, पंजाब. ह्युएन त्संगनं सातव्या शतकात लिहून ठेवलं आहे की कनिष्काच्या दरबारी ओलीस राहिलेल्या चिनी राजपुत्रांनी पंजाबात नासपती आणि पीच ही फळं आणली, त्याआधी ती ह्या देशात नव्हती. ती कथा खरी असो वा दंतकथा, आज काश्मीर-हिमाचलच्या डोंगरात कुणीतरी शिडीवर चढून ती देठासकट हलकेच वळवून तोडतो. देठ ओढून काढत नाही, कारण देठ निघाला की तिथून सड लागते. कागदात किंवा फोमच्या जाळीत गुंडाळून ती पुठ्ठ्याच्या पेटीत बसवतात. मग ट्रक. दीड हजार किलोमीटरांहून जास्त रस्ता, वाटेत दिल्लीची आझादपूर मंडी किंवा नागपूरचं कळमना, मग अमरावतीचं फळ मार्केट, तिथली हर्रासी, तिथून ऑटोत टाकून वलगाव. एवढ्या वाटेत जी चेपली नाही, तिला गाडीवर येऊन दहा मिनिटं झाल्यावर तुम्ही चेपता.

आणि तोटा कुणाचा? गाडीवाल्यानं हर्रासीत पेटी रोखीनं घेतलेली असते. दुसऱ्या दिवशी डाग वर यायला लागले की तो ती फळं वेगळी काढून बाजूला छोटा ढीग लावतो. त्यावर पुठ्ठा टाकून अर्धा भाव लिहितो. संध्याकाळी त्यातलं जे उरतं ते बकरीपुढे. मार्केटमध्ये परत नेऊन ‘माझ्या गिऱ्हाइकानं दाबली’ म्हटलं तर कुणी त्याला पैसे परत करत नाही. तो हा तोटा भरून काढतो उरलेल्या चांगल्या मालाचा भाव वाढवून. म्हणजे तुमच्या अंगठ्याचे पैसे मी भरते, माझ्यामागची बाई भरते, आणि भाऊ, तुम्हीसुद्धा भरता. भाव ऐकून “लुटता का बे” असं सगळ्यांत मोठ्यानं तुम्हीच ओरडता. लुधियानाच्या ‘सिफेट’ ह्या सरकारी संस्थेनं 2015 साली देशातल्या शेतमालाच्या नासाडीचा अहवाल दिला होता. फळांमध्ये सर्वांत जास्त नासाडी पेरूची निघाली, 15.88 टक्के. शंभर किलो पेरूंतले जवळजवळ सोळा किलो खाणाऱ्याच्या तोंडापर्यंत पोचतच नाहीत. पेरूच्या गाडीवरही मी तुम्हाला पाहिलेलं आहे.

आपल्या गावाला एक मोठा वारसा आहे. 20 डिसेंबर 1956 ला गाडगेबाबांनी देह ठेवला तो इथे, वलगावला, पेढी नदीच्या काठी. बाबा कीर्तनात लोकांना उपदेश कमी करत आणि प्रश्न जास्त विचारत. उत्तर समोरच्याच्या तोंडून वदवून घेत. त्यांची ती रीत मी आज उसनी घेते. तुम्ही दाबलेली नासपती तुम्ही घेतली का? नाही. मग ती कुठे गेली? ढिगात गेली. ढिगातून कुठे गेली? दुसऱ्याच्या घरी. त्या दुसऱ्यानं तुमचं काय बिघडवलं होतं? ह्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला हवं आहे, आणि ते तुम्हीच द्यायचं आहे.

दाबल्याशिवाय घ्यायची कशी, असं तुम्ही म्हणाल. सांगते, आणि ह्यात काही अवघड नाही. पहिल्यांदा गाडीवाल्याला विचारा की ही कुठली आहे, कडक खायची की मऊ. आपल्याकडे दोन जातीची नासपती येते. एक गोलसर, टणक, सालीवर बारीक ठिपके असलेली, खाताना करकर वाजणारी आणि रवाळ. पंजाबची पत्थरनाख ह्यातली. ही मऊ व्हायची वाट बघायचीच नाही. धुतली की खाल्ली. मऊ होते तेव्हा ती पिकलेली नसते, शिळी झालेली असते. ही दाबून “कच्ची आहे” म्हणत परत ठेवणारे तुम्ही, तिच्याबाबतीत तर अगदीच वाया गेलेले आहात. दुसरी लांबट, मानेला निमुळती, बब्बूगोशासारखी. हिचा गर पिकल्यावर लोण्यासारखा होतो, आणि हीच घरी पिकवायची असते.

घेताना देठ शाबूत आहे का बघा. देठ असलेली टिकते. मानेपाशी साल सुरकुतली असेल तर ती फार कोवळी तोडलेली किंवा पाणी गेलेली, ती पिकणार नाही, नुसती चिवट होईल. हातात घेऊन वजन बघा. आकाराच्या मानानं जड असेल तर रस आहे. तळाशी, जिथे फूल होतं त्या खळग्याशी नाक न्या. पिकत आलेली नासपती तिथे वास देते. सालीवरचे तपकिरी खरबरीत ठिपके म्हणजे डाग नव्हेत, ती सालच तशी असते. त्यांना नाकारू नका. काप, भोक, ओलसर चट्टा असेल तर घेऊ नका. आणि आजच खायची म्हणून अगदी पिकलेलीच हवी असेल, तर घ्यायची ठरवलेल्या एकाच फळाची मान, देठाच्या अगदी खाली, बोटाच्या पेरानं हलकी स्पर्शून बघा. किंवा गाडीवाल्यालाच सांगा, “आज खाण्यासारखी दे.” त्याला सकाळपासून माहीत असतं. तुम्ही त्याला विचारतच नाही. त्याच्या मालावर त्याच्यापेक्षा आपला अंगठा जास्त शहाणा, असं धरून चालता.

आता घरची गोष्ट. आपल्या आज्यांनी उन्हाळ्यात आंब्याची अढी लावली नाही असं वऱ्हाडात एकही घर नव्हतं. अंधाऱ्या खोलीत कुटाराचा थर, त्यावर आंबे, त्यावर पुन्हा कुटार. दोन दिवसांनी आजी हात घालायची ती पालथ्या पंजानं, आणि वासानं ओळखून एकेक बाहेर काढायची. घरातल्या पोट्ट्यानं अढीत बोटं खुपसली तर पाठीत धपाटा बसायचा. का, ते आजीला विज्ञानाच्या भाषेत सांगता आलं नसतं, पण दाबलेला आंबा तिथेच सडतो आणि सगळी अढी बिघडवतो हे तिला पक्कं ठाऊक होतं. तुमच्या घरीही अशी आजी असणारच. तिनं तुम्हाला दिलेला धपाटा कमी पडला.

नासपतीला कुटार लागत नाही. टोपलीत किंवा ताटात वर्तमानपत्र घाला, त्यावर एकाच थरात, एकमेकींना न टेकता ठेवा. घरातला सर्वांत थंड आणि अंधारा कोपरा शोधा. फ्रीजच्या डोक्यावर ठेवू नका, तिथे गरम असतं; खिडकीत उन्हात नको. नासपती 18 ते 22 अंश तापमानात सगळ्यांत चांगली पिकते आणि 30 च्या वर गेलं की पिकणंच बिघडतं. श्रावण-भाद्रपदात पाऊस लागून राहिला तर आपल्याकडे तिला बरे दिवस असतात. आश्विनातल्या उन्हात मात्र माठाशेजारचा कोपराही पुरत नाही. तेव्हा थोडीच आणा. घाई असेल तर कागदी पिशवीत नासपतींबरोबर एक पिकलेलं केळं ठेवा. अंजनगाव सुर्जीचं असो की अकोटचं, केळं भरपूर इथिलीन सोडतं आणि दोन दिवसांचं काम एका दिवसात होतं. प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवू नका, आत घाम सुटतो आणि बुरशी धरते. रोज सकाळी एकदा मानेपाशी बोट लावा. मान किंचित दबली की फळ तयार. पोट दबायची वाट बघितलीत तर उशीर झाला.

तयार झालेली नासपती फ्रीजमध्ये तीन-चार दिवस निघते. आणि टणक आहेत तोवर निम्म्या फ्रीजमध्ये, निम्म्या बाहेर असं केलं तर आठवडाभर रोज पिकलेली मिळते. आतल्या दोन-दोन बाहेर काढत जायचं. थंडीत राहिल्यानं नासपतीचं नुकसान होत नाही, उलट बब्बूगोशासारख्या जातीला थोडी थंडी मानवते. केळ्याचं आणि सीताफळाचं मात्र उलटं आहे. ती कच्ची फ्रीजमध्ये घातली की काळी पडतात आणि बाहेर काढल्यावरही धड पिकत नाहीत. कोबी, पालक, काकडी, गाजर ह्यांच्याशेजारी नासपती ठेवू नका. तिच्या वायूनं पालेभाजी पिवळी पडते आणि गाजर कडू होतं. महालक्ष्म्यांपुढे पाच फळं मांडायची असतील आणि पूजनाच्या दिवशी नासपती मऊ हवी असेल, तर चार-पाच दिवस आधी टणक आणून ठेवायची. हिशेब एवढाच आहे. सणाच्या आदल्या संध्याकाळी बाजारात धावत जाऊन ढीग उपसायचं कारण उरत नाही.

आणि तुमच्या घाईमुळे आणखी एक गोष्ट बाजारात शिरली आहे, ती मला जास्त छळते. तुम्हाला सगळं आजच्या आज मऊ, आजच्या आज पिवळं हवं असतं. चार दिवस थांबायची तयारी नसलेलं गिऱ्हाईक दारात उभं असलं की फळ घाईनं पिकवणारेही तयार होतात. आंब्याच्या पेटीत कागदाच्या पुडीत बांधून कॅल्शियम कार्बाईड ठेवलं जातं. ओल लागली की त्यातून ॲसिटिलीन वायू निघतो. तो इथिलीनची नक्कल करतो, पण अर्धवट. साल पिवळी होते, आतला गर आंबट आणि टणक राहतो, वास येत नाही. बाजारातल्या कार्बाईडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. म्हणून अन्नसुरक्षा कायद्याखालच्या 2011 च्या नियमांत, कलम 2.3.5 मध्ये, कार्बाईडनं पिकवलेलं फळ विकायला साफ बंदी आहे. इथिलीन वायू वापरायला मात्र परवानगी आहे, हवेच्या दहा लाख भागांत 100 भागांपर्यंत, आणि तोही बंद रायपनिंग चेंबरमध्ये, फळाला पावडर न लावता. हेच कार्बाईड पाईपच्या बंदुकीत भरून 2025 च्या दिवाळीत शेजारच्या मध्य प्रदेशात पोरांनी फोडलं आणि कित्येकांचे डोळे गेले. ते फळाच्या पेटीत ठेवणारा गुन्हेगार आहेच, त्याला मी मोकळं सोडत नाही. पण त्याचा धंदा ज्या उतावीळपणावर चालतो तो तुमचा आहे. टणक आंबा, टणक नासपती घरी नेऊन पिकवायला तुम्ही तयार झालात, तर त्याच्या पुडीला गिऱ्हाईक उरत नाही.

तुमची बाजूही मला ठाऊक आहे. पैसे कष्टाचे असतात. एकदा कुणीतरी वरून चांगली, आतून किडकी फळं गळ्यात मारलेली असतात. म्हणून माणूस संशयी होतो. फसवणूक झाली असेल तर त्याच गाडीवर दुसऱ्या दिवशी जाऊन ते फळ दाखवा. रोज त्याच कोपऱ्यावर उभा राहणारा विक्रेता गिऱ्हाईक तोडत नाही. बदलून देतो, नाहीतर पुढच्या वेळी दोन जास्त घालतो. मी हे करून पाहिलेलं आहे. तोंडानं भांडा, हक्कानं भांडा. अंगठ्यानं भांडलात तर ते भांडण त्याच्याशी होत नाही, माझ्या सासूबाईंशी होतं.

ह्यापुढे मी मागे उभी राहून गप्प बसणार नाही. गाडीवाला तुम्हाला बोलू शकत नाही, त्याला गिऱ्हाईक हवं असतं. मला काही हवं नाही. तुम्ही दाबलेली प्रत्येक नासपती मी त्याच्या ताटलीत वेगळी ठेवायला लावीन आणि तुमच्या अर्ध्या किलोत तीच तोलायला सांगीन, पूर्ण भावानं. बाजारातल्या बाकीच्या बायांनाही मी हेच सांगितलं आहे आणि त्या तयार आहेत.

घरी नेल्यावर त्या फेकू नका, अजून उपयोगी पडतात. त्याच दिवशी चिरा, उद्यावर टाकू नका. साल काढा, तपकिरी भाग आजूबाजूच्या बोटभर गरासकट कापून टाका, बुरशीचा ठिपका दिसला तर मात्र ते फळ अख्खं द्या सोडून. उरलेल्या फोडींवर लिंबू पिळा म्हणजे आणखी काळ्या पडणार नाहीत. जाड बुडाच्या पातेल्यात फोडींच्या निम्मा गूळ, दोन लवंगा, वेलची, आणि पाणी अजिबात नको, तिचंच पुष्कळ सुटतं. मंद आचेवर गर पारदर्शक होईपर्यंत हलवत राहा. बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवलं तर आठवडाभर पोळीशी खाता येतं. घरात दात नसलेलं कुणी असेल तर पहिली वाटी त्यांना द्या.

तुमच्यामागे रांगेत उभी असलेली,
एक गिऱ्हाईक